आधी काय?

मराठी घरांत हल्ली एक नवा प्राणी निपजला आहे: बिल्डवाला. कंपनी बंगलोरची, बॉस पुण्याचा, आणि हा बसलेला ग्वाल्हेरात, माधवगंजातल्या आजोबांच्या घराच्या माडीवर. माधवगंज ज्या लष्कर भागात येतं, ते गावच मुळी १८१० च्या सुमारास पडलेल्या दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलं. छावणी टाकायची आणि मग उठायचंच नाही, ही इथली रीत जुनी. यानेही २०२० च्या टाळेबंदीत माडीवर लॅपटॉप मांडला, तो अजून हललेला नाही.

तो करतो काय, हे घरात कुणालाच नीट ठाऊक नाही. आई सांगते, "काहीतरी बिल्डिंगचं आहे." प्रकरण असं, की एका मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात पुष्कळ उपप्रकल्प असतात आणि ते एकमेकांवर अवलंबून असतात. कुणाला कोण लागतं एवढंच लिहून ठेवायचं. आधी कोण, मग कोण, हे यंत्राने काढायचं. त्या क्रमाने सगळं जोडून सॉफ्टवेअर उभं करणं म्हणजे ‘बिल्ड’. स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ लिहिलं ते याच तत्त्वावर, आणि आजचं ग्रेडलही तेच करतं. बिल्डवाल्याची श्रद्धा मात्र तत्त्वापाशी थांबत नाही, ती स्वयंपाकघरात शिरते.

त्याला साधा प्रश्न विचारायची सोय नाही. "चहा घेणार का रे?" याचं उत्तर "दूध तापलंय का?" असं येतं. तापलं नसेल तर गॅस सिलिंडरपर्यंत चौकशी जाते, आणि तोवर चहाची वेळ टळते.

गणपतीच्या आदल्या दिवशी त्याने कॅलेंडरच्या पाठीमागे मोदकांचा नकाशा काढला. मोदकाला सारण, सारणाला खोबरं, खोबऱ्याला खवणी. खवणी शेजारच्या काकूंची. त्या चौकटीभोवती त्याने लाल रेघ मारली. "आई, ही आपल्या ताब्यात नाही." आई म्हणाली, "अरे, वर्षानुवर्षं तिचीच आणतो." काकू नेमक्या लेकीकडे पुण्याला गेलेल्या, दाराला कुलूप. मग त्याने सगळ्यांना उभं करून २०१६ च्या मार्चमधली कथा ऐकवली: इतरांच्या सॉफ्टवेअरला लागणारं अकरा ओळींचं ‘लेफ्ट-पॅड’ लेखकाने काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड कोसळले. कथा चांगली होती, पण नारळ तसाच होता.

आता खरं सांगायचं तर त्याचं निदान सहसा चुकत नाही, आणि म्हणूनच तो जास्त असह्य होतो. त्याच्या घरी आत्या, मावशी आणि वहिनी, तिघींच्या तीन याद्या. प्रत्येकीला आपल्या यादीपुरतं सगळं माहीत, पूर्ण चित्र एकीलाही नाही. परिणामी नारळ दोनदा आले आणि गूळ एकदाही नाही. पीटर मिलरने १९९८ च्या लेखात अशाच ‘मेक’ची खरडपट्टी काढली होती: प्रत्येक फोल्डर आपापलं ‘मेक’ स्वतंत्र चालवतो, शेजारच्याला काय हवं ते त्याला कळत नाही, मग लोक क्रम हाताने लावतात आणि तरीही जमेना तर दोनदा चालवतात. बिल्डवाल्याने हे आत्याला समजावलं. आत्याने त्यालाच दोनदा बाजारात चालवलं.

वहिनीने यंदा दोन मदतनीस बोलावल्या. आजवर ती एकटी एकामागून एक करायची, म्हणून निभावत होतं. आता सगळं एकदम सुरू झालं, सारणाचा पत्ता नाही आणि उकड मळून तयार. ती गार होऊन तडकली. बिल्डवाला आनंदाने उडालाच. "उकडीला सारण तयार हवं, हे कुठे लिहिलं होतं? न लिहिलेली गरज एकामागून एक कामात लपते, कामं एकदम सुरू झाली की उघडी पडते!" वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो जिन्याकडे वळला.

पण त्याची खरी कसोटी पंगतीला लागते. आई म्हणते, "तू आधी खाऊन घे." हा बायको बसल्याशिवाय बसत नाही. बायको सासूबाईंच्या आधी जेवत नाही. सासूबाई मुलाच्या आधी जेवत नाहीत. ग्रेडल अशा वेळी चक्र सापडलं म्हणून सरळ थांबतं. घरात कुणी थांबवत नाही, वरण गार होतं. एरवी हा सांगतो, की दोन उपप्रकल्प एकमेकांत अडकले तर दोघांना लागणारी गोष्ट बाहेर काढून तिसरीकडे ठेवा. एका रात्री त्याला उमगलं, की तिघंही थांबतात ते मागच्याला वरण उरेल ना, या एकाच काळजीने. त्याने ओट्यावरचं पातेलं उचलून मधोमध आणून ठेवलं. भरपूर होतं. तिघंही बसली.

तेव्हा तुमचंही बिल्ड कधी अडलं तर माधवगंजातल्या या माडीवर जरूर जा. मात्र ‘माझ्या मशीनवर चालतं’ हे वाक्य तिथे उच्चारू नका, आणि निघताना घरी जेवायला थांबू नका म्हणून सांगून ठेवा.