केकची पैसेवारी

सिल्लोड शहर व तालुक्यातील ज्या इच्छुकांना दर रविवारी एक याप्रमाणे वर्षभर घरच्या घरी केक, बिस्किटं, पाव वगैरे भाजण्याचा संकल्प सोडायचा आहे, त्यांच्या माहितीसाठी पुढील सूचना प्रसिद्ध करण्यात येत आहेत. सूचना अनुभवाच्या आहेत. अनुभव अकरा रविवारांचा आहे. बावन्न रविवारांचा का नाही, ते वाचता वाचता कळेलच.

मुळात असा संकल्प कुणी आपणहून सोडत नाही. तो पुण्याच्या नणंदेकडून येतो. इंग्लंडात २०१० पासून टीव्हीवर केक-पावाची एक स्पर्धा चालते. हिरवळीवर पांढरा तंबू ठोकतात, दहा-बारा हौशी माणसं आत टेबलं मांडून सांगितलेले पदार्थ करतात आणि दर आठवड्याला ज्याचं सगळ्यात बिघडलं, तो घरी जातो. नणंदबाईंनी ती पाहिली आणि घराण्यात जाहीर केलं : पदार्थ त्या सांगणार, करायचा सगळ्यांनी, फोटो रात्री नऊच्या आत. आमच्या सासूबाईंना या स्पर्धेचं मर्म शेवटपर्यंत उमगलं नाही. आपल्याकडे तंबूत बाराशे पानांचा स्वयंपाक होतो आणि जेवल्याशिवाय कुणाला घरी जाऊ देत नाहीत. ‘बिघडलं म्हणून माणसाला काढून देतात काहून?’ या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

पहिलं काम ना-हरकत मिळवण्याचं. सक्षम प्राधिकारी म्हणजे अर्थातच सासूबाई. त्या एकच प्रश्न विचारतात, ‘त्यात अंडं आहे का?’ ‘आहे’ म्हटलं तर देवघराच्या भिंतीला लागून असलेला ओटा बाद, घरातली भांडी बाद, आणि केक झाल्यावर खाणारी निम्मी तोंडं बाद. ‘नाही’ म्हणावं आणि खरोखरच घालू नये, हा सरळ मार्ग. एका अंड्याच्या जागी पाव कप घट्ट दही चालतं. दह्यातला आंबटपणा आणि खायचा सोडा यांची गाठ पडली की वायू सुटतो, तो पिठात अडकतो आणि केक फुगतो. ढोकळ्याचंही असंच असतं, म्हणून ढोकळा जमणाऱ्या बाईनं केकला घाबरण्याचं कारण नाही. २०२० च्या टाळेबंदीत पार्ले-जी, दूध आणि इनोची पुडी यांचा केक आमच्या घरात तीनदा झाला. तिन्ही वेळा त्याला पार्ले-जीचीच चव होती, पण फुगला तिन्ही वेळा.

आता साहित्य. कृतीत पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं, ‘लोणी खोलीच्या तापमानाला आणून घ्या.’ इथेच थांबून विचार करावा. ज्या बाईनं हे लिहिलं, तिच्या खोलीचं तापमान वीस अंश. मे महिन्यात आमच्या खोलीच्या तापमानाला लोणी आणायला ठेवलं आणि मी दार उघडायला गेले, तर परत येईपर्यंत ते ताटलीतून ओट्यावर आणि ओट्यावरून खाली निघालं होतं. उलट डिसेंबर-जानेवारीत घाटाकडून गार वारं सुटतं, तेव्हा तेच लोणी विळीवर धरावं लागतं. कृतीतली खोली आणि आपली खोली यांची भेट वर्षातून फार थोडे दिवस होते. ते दिवस साधारण दिवाळीच्या आसपास येतात आणि तेव्हा बाईमाणसाला चकली सोडून दुसरं काही सुचत नाही.

मापाचंही तेच. ‘दोन कप मैदा.’ कुठला कप? अमेरिकेतला कप म्हणजे सुमारे २४० मिलीलिटर. आमच्या घरात लग्नातल्या सहापैकी चार कप उरलेत, एकाचा कान तुटलाय, आणि त्यातला कुठलाही दीडशेच्या वर भरत नाही. सासूबाईंच्या डोक्यात पायली, अधोली, चिपटं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि मराठी घरात वाटी-चमच्याचा हिशेब रुजला, हे खरं. पण आमच्या घरात तो सुनेपर्यंत आला, सासूपर्यंत पोचला नाही. माझी सूचना अशी की कपाची भानगड सोडावी आणि एक वाटी ठरवावी. तीच वाटी मैद्याला, तीच साखरेला, तीच दह्याला. ती वाटी नंतर कुणी आमटीला घेणार नाही याची दक्षता घ्यावी. ही दक्षता पाळली जात नाही.

भट्टीबद्दल. ज्यांच्याकडे ओटीजी आहे त्यांनी वीज कधी असते ते पाहावं. शिवारात शेतीपंपांना वीज चक्राकार मिळते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि आमचे दीर त्या वेळापत्रकाप्रमाणे झोपतात आणि उठतात. आठवड्याच्या आव्हानाचं त्यांना म्हणूनच काही कौतुक वाटलं नाही. गावातली वीज बरी. पण केक पस्तिसाव्या मिनिटाला असताना गेली, तर इन्व्हर्टरवर पंखा फिरतो, ओटीजी फिरत नाही. म्हणून कुकर. शिट्टी काढायची, रिंग काढायची, तळाला जाड मिठाचा थर द्यायचा, त्यावर ताटली, दहा मिनिटं रिकामा तापवायचा, मग डबा आत. मीठ उष्णता धरून ठेवतं आणि डब्याला खालून एकदम चटका बसत नाही. हे मीठ नंतर स्वयंपाकाला चालत नाही. त्याला एक बरणी द्यावी, बरणीवर ‘केकचं मीठ’ असं लिहावं. आमच्याकडे लिहिलं नव्हतं. त्या बरणीतल्या मिठाचं लोणचं झालं आणि ते अजून आहे.

मैद्याऐवजी काही स्थानिक घालावं असा मोह प्रत्येक सिल्लोडकरणीला होतो, कारण आपला तालुका मक्याचा. पावसाळ्यात कुठल्याही रस्त्यानं जा, दोन्ही बाजूंना मकाच मका. अळीनं इतकी वर्षं जीव खाल्ला, तरी मका. तेव्हा केकही मक्याचाच करावा, असं मी पाचव्या रविवारी ठरवलं. इथे दोन गोष्टी सांगते, त्या लिहून ठेवाव्यात. दुकानात मिळणारं पांढरं, बोटांत करकरणारं कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं नुसतं सत्त्व. ते सूप घट्ट करायला. केकला पिवळं, गिरणीतून दळून आणलेलं पीठ हवं. आणि मक्यात गव्हासारखा चिवटपणा नसतो. भाकरी थापावी लागते, लाटली की तुटते, ते याचमुळे. वायू धरून ठेवणारं जाळंच त्यात होत नाही. नुसत्या मक्याचा केक फुगत नाही, पसरतो. निम्मा मैदा घालावाच लागतो.

तो केक मी तिखट केला. साखर थोडी, दही, हिरव्या मिरच्यांचे तुकडे. मिरची आपल्या पट्ट्यातलीच. मिरची, मका आणि पाव ही तिन्ही मंडळी पोर्तुगीजांच्या वाटेनं या देशात आली आणि चारशे वर्षं वेगवेगळी राहिली, त्यांना मी एका डब्यात आणलं, असं मी फोटोखाली लिहिलं. नणंदबाईंनी उत्तर दिलं, ‘मध्ये बसलाय का गं?’

बसला होता. आता त्या विषयाकडे वळू.

मराठीत अनारसा हसतो आणि केक बसतो. अनारसा तुपात सोडल्यावर फुटून विरघळला की म्हणतात ‘हसला’, आणि करणारी रडते. केकचा मधला भाग खाली गेला की तो ‘बसला’, आणि करणारी उभी राहते, कारण फोटोची वेळ झालेली असते. बसण्याची कारणं मला तीन सापडली. सोडा जास्त पडला. आत कच्चा असताना डबा काढला. आणि आमच्या घरचं कारण : ‘झाला का, बघू’ म्हणून दर पाच मिनिटांनी कुणीतरी झाकण उचललं. गार हवा आत गेली की अर्धवट उभा राहिलेला केक हाय खातो. झाकणावर वरवंटा ठेवावा.

आमचे हे महसूल खात्यात आहेत. त्यामुळे घरात कुठल्याही आपत्तीचा पंचनामा होतो. सहाव्या रविवारपासून त्यांनी केकची पैसेवारी काढायला सुरुवात केली आणि ती पद्धत मी सर्वांना सुचवते, कारण ‘छान झालाय’ या शब्दांनी या देशात कुणाचं भलं झालेलं नाही. पिकाची पैसेवारी जशी तीन टप्प्यांत निघते तशीच ही. पंधराव्या मिनिटाला वासावरून नजरअंदाज. हा नेहमी चांगला निघतो. वास सत्तर पैशांच्या खाली कधी येत नाही. चाळिसाव्या मिनिटाला सुरीचं टोक खुपसून सुधारित. सुरी कोरडी निघाली तर ठीक, ओली निघाली तर आणखी दहा मिनिटं आणि पुन्हा पाहणी. डबा पालथा घातल्यावर अंतिम. अंतिम पैसेवारीसाठी कापणी प्रयोग शास्त्रोक्त झाला पाहिजे, म्हणजे एक तुकडा कडेचा, एक मधला, एक जिथे जळालाय तिथला. चांगल्या कोपऱ्यावरून सबंध केक ठरवायचा नाही. पन्नास पैशांच्या आत आला की दुष्काळ जाहीर करावा. दुष्काळात वसुलीला स्थगिती असते, म्हणजे त्या रात्री फोटो मागायचा नाही. नणंदबाईंनी हा नियम मान्य केलेला नाही.

केक जळाला तर? रडावं की नाही याचा निर्णय करण्याआधी तालुक्याचा इतिहास आठवावा. रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातला चित्रकार अधिकारी १८४४ साली नेमला गेला आणि अजिंठा गावात राहून लेण्यांतली चित्रं मोठमोठ्या कॅनव्हासवर उतरवू लागला. वर्षानुवर्षं तेच काम. नकला लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी घेऊन आला, हिवाळ्यामागून हिवाळे पुन्हा तीच चित्रं उतरवली. तीही लंडनला गेली आणि १८८५ च्या आगीत त्यातली बरीच खाक झाली. तरी १९०९ मध्ये लेडी हेरिंगहॅम आल्याच, नंदलाल बोसांसारखे तरुण त्यांच्या मदतीला आले, आणि तिसऱ्यांदा नकला झाल्या. एवढं होऊन मूळ चित्रं आपल्या डोंगरात अजून आहेत. तेव्हा दोन वाटी मैदा गेला म्हणून जेवण सोडायचं काही कारण नाही.

अजिंठ्याचा विषय निघालाच आहे तर आयसिंगबद्दल एवढंच : करू नये. लेण्यांतल्या कारागिरांनी मातीच्या गिलाव्यात भुसा आणि झाडांचे तंतू कालवले, वर चुन्याचा पातळ हात दिला, आणि तो रंग दीड हजार वर्षं धरून आहे. माझं क्रीम एप्रिलात वीस मिनिटं टिकलं. त्यावर मी हत्ती काढला होता. फोटोत तो घाटात बंद पडलेल्या टँकरसारखा आलाय.

नानकटाईचा आठवडा आला तेव्हा मी कुकर बाजूला ठेवला. नानकटाई घरी भाजणं हा आमच्या लहानपणी वेडेपणा समजला असता. दिवाळीआधी तूप, पिठीसाखर, मैदा, रवा असं घरचं सामान डब्यात घालून बेकरीत जायचं, पत्र्यावर गोळे मांडून द्यायचे आणि आपला पत्रा कुठला यावर नजर ठेवून बसायचं. मी तसंच केलं. बेकरीतल्या चाचांनी डबा पाहिला आणि म्हणाले, ‘ताई, अभी नहीं. पाव निकलने दो, आच उतरने दो.’ मी कटाक्षानं १८० अंशांचा विषय काढला. त्यांनी भट्टीच्या तोंडाशी क्षणभर हात धरला, मागे घेतला, आणि सांगितलं, ‘एक घंटा.’ तासाभरानं पत्रा आत गेला. पैसेवारी ब्याण्णव निघाली. नणंदबाईंनी तो आठवडा बाद केला, कारण भट्टी घरची नव्हती.

दहाव्या आठवड्याला पाव होता. यीस्ट, मळणं, झाकून ठेवणं, पुन्हा मळणं. सासूबाई खुर्ची घेऊन शेजारी बसल्या. टीव्हीतला परीक्षक पाव उलटा करून बुडावर बोटानं ठोकतो आणि पोकळ आवाज आला तर मान डोलावतो, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग रोडग्याला आम्ही काय करत होतो?’ आणि मग त्यांनी मला सांगितलं, ते मी लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी विचारलं नव्हतं. नवसाचे रोडगे, शेतातल्या मारुतीपुढे. गोवऱ्या रचून पेटवायच्या, धूर जाऊन लाल आर उरेपर्यंत हात लावायचा नाही. कणकेचे घट्ट गोळे, आत तेलाचा हात लावून पदर दिलेले. आर पसरायचा, गोळे ठेवायचे, वरून पुन्हा आर. दोनशे माणसांचे, एका वेळी. वेळ? ‘वरण शिजेपर्यंत.’ काढले की फडक्यानं राख झटकायची, ठोकून पाहायचं, फोडून तूप. त्यांच्या सासूबाईंनी त्यांना शिकवलं होतं ते एवढंच की घाई करणाऱ्या बाईला आराजवळ बसवू नये.

माझा पाव ठोकला, तर आवाज भरीव आला. अडतीस पैसे.

अकराव्या रविवारी म्हणून आम्ही शेतात गेलो आणि रोडगे केले. सासूबाई दगडावर बसून सांगत होत्या, मी करत होते, हे पैसेवारी काढायची विसरून तिसरा रोडगा फोडत होते. दीर रात्रपाळीचं पाणी देऊन आले होते, ते वांग्याची भाजी आणि वरण संपेपर्यंत झोपले नाहीत. फोटो नऊच्या आत पाठवला. ‘हे बेकिंगमध्ये धरायचं का?’ यावर पुण्यात विचार चालू आहे. निर्णय होईपर्यंत स्पर्धा स्थगित आहे.

इच्छुकांसाठी शेवटची सूचना. पदार्थ बिघडो वा जमो, निम्मा शेजारी द्यावा लागतो, आणि आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. त्यामुळे तो लवकर परतच येत नाही. मक्याच्या तिखट केकच्या रविवारी आमचा स्टीलचा पसरट डबा कुणाकडे तरी गेला आहे. झाकणावर सासूबाईंचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणून द्यावा. रिकामा चालेल.