सर्व्हरवाले सर

तालुक्याच्या प्रत्येक गावात एक सर्व्हरवाले सर असतात. त्यांनी कुठल्या शाळेत शिकवलेलं नसतं. पण कॅबिनेट उघडून आत हात घालणाऱ्याला पतसंस्थेत 'सर'च म्हणायची पद्धत आहे. पाठीला सॅक, सॅकमध्ये जेवणाच्या डब्याशेजारी स्क्रू ड्रायव्हर आणि थर्मल पेस्ट, आणि गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात चार-पाच पेन ड्राइव्ह. कोणत्यात काय आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं. तेही लावून बघितल्यावर.

आल्या आल्या ते खुर्चीवर टेकत नाहीत. उभ्यानंच विचारतात, "हे कोणी केलंय?" आधीच्या कारागिराची अक्कल काढल्याशिवाय त्यांचा हात चालत नाही. परवा पंचाईत एवढीच झाली, की आधीचे कारागीर तेच होते. आदल्या संध्याकाळी त्यांनीच सर्व्हरवर नवं लिनक्स टाकलं, काम पूर्ण झाल्याचा संदेश मॅनेजरसाहेबांना दाखवला, चहा घेतला आणि पेन ड्राइव्ह उपसून घरी गेले. सकाळी मॅडमनी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ : 'नो बूटेबल डिव्हाइस'. डेटा बॅकअपला होता, तेवढा देव पावला.

साहेब काही बोलले नाहीत. शिपाईमामा बोलले, "तुम्हीच की."

"तसं नव्हे मामा. मुळात पार्टिशन कोणी केलं होतं?"

मग रॅम बाहेर आली. बिघाड कुठलाही असो, सर आधी रॅम काढतात, मॅडमच्या टेबलावरचं खोडरबर मागून घेतात आणि तिच्या सोनेरी कडा मन लावून घासतात. खोडरबरानं काही मशिनं खरंच सुरू झाली आहेत, त्यामुळे या विधीला बोलायची सोय नाही. पण सर्व्हर म्हणजे घरचा पीसी नव्हे. प्रत्येक वेळी तो सगळी रॅम तपासणार, रेड कार्डाची हजेरी घेणार, नेटवर्क कार्डाला विचारणार, आणि तोवर पंखे पिठाच्या गिरणीसारखे घोंगावणार. बाहेर पैसे काढायला आलेली रांग पायऱ्यांपर्यंत गेलेली. पिग्मी एजंट कालचा भरणा मांडीवर घेऊन बसलेले. आणि आत, त्या घोंगावण्यात, आवाज चढवून सरांचं व्याख्यान.

"साहेब, जुन्या पद्धतीत बायोस डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतं. त्यात ४४६ बाइटांचा प्रोग्रॅम, ६४ बाइटांचा पार्टिशनचा तक्ता आणि शेवटचे दोन बाइट म्हणजे सहीशिक्का, ५५ आणि एए. शिक्का नाही, तर चेक परत! १९८३ पासून हे असंच आहे. २ टीबीच्या पुढची जागा या तक्त्यात मांडताच येत नाही. यूईएफआयचं निराळं. ते शिक्का बघत बसत नाही, फॅट३२ चं छोटं पार्टिशन उघडतं आणि त्यातली फाइल चालवतं."

यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. सरांची विद्या बेगडी नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. त्यांना वावडं आहे ते फक्त वाचण्याचं. बूट मेन्यूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी 'यूईएफआय' लावून आणि एकदा बोडका. सर वरचा, म्हणजे बोडका, घेतात, कारण तो वर असतो. त्यानंतर त्यांचं बोट एंटरवरून उठत नाही. नेक्स्ट, नेक्स्ट, मान्य आहे, नेक्स्ट. अगदी शेवटी इन्स्टॉलर नम्रपणे विचारतो, की सिस्टिमला उठवणारा ग्रब कोणत्या डिस्कवर लिहू? खाली दोन नावं, एसडीए आणि एसडीबी, आणि प्रत्येकापुढे तिचा आकारही लिहिलेला. सर आकाराकडे बघत नाहीत. "एसडीए. कायम एसडीए." आता रेड कार्ड जरा आळसावून उठतं आणि तेवढ्यात पेन ड्राइव्ह पहिला नंबर लावून बसतो, हेही त्यांनीच मला मागे समजावून सांगितलेलं.

रॅमनं काम झालं नाही तेव्हा संशय मदरबोर्डवरच्या सेलवर गेला. मामा घड्याळवाल्याकडून सीआर२०३२ घेऊन आले. सेल बदलताना आतली बूट ऑर्डर पुसली गेली, ती पुन्हा लावली, पुन्हा गिरणी, पुन्हा तीच ओळ. सरांनी कुणालातरी फोन लावला, बराच वेळ "हो बॉस, केलं बॉस" म्हणाले आणि कपाळ पुसत निकाल दिला, "फॉरमॅट मारू."

जुडग्यातून कालचा पेन ड्राइव्ह निघाला, मागच्या खाचेत गेला. सगळे इन्स्टॉलरच्या निळ्या पडद्याची वाट बघत होते, आणि वर आलं ते काल टाकलेलं लिनक्स. संस्थेचं नाव, खाली लॉगिन. मॅडमनी हात जोडले.

सर दोन क्षण थांबले असतील. मग म्हणाले, "आलं ना!"

पेन ड्राइव्ह काढून बघितला, येईना. लावला, आलं. सिस्टिम संस्थेच्या डिस्कवर आणि तिला जागं करणारा ग्रब रात्रभर सरांच्या गाडीच्या किल्ल्यांबरोबर खिळ्याला टांगलेला! मामांनी मान हलवली. "म्हणजे कुलूप हितं आणि किल्ली तुमच्या घरी."

आता सिस्टिम चालू होती. तोच ग्रब योग्य डिस्कवर लिहायला एक कमांड, फार तर दोन मिनिटं. पण चालत्या सर्व्हरला हात लावायचा नाही, हा सरांचा धर्म. त्यांनी सेलोटेप मागितली, पेन ड्राइव्ह खाचेसकट गुंडाळला आणि वर मार्करनं लिहिलं, 'काढू नये'. रांग पुढे सरकली.

संध्याकाळी बिल आलं. सर्व्हिस चार्ज, सेल, आणि तिसऱ्या ओळीत 'बूट डिव्हाइस, नग १'. चेअरमननी चष्मा वर सरकवून विचारलं, "हे काय?"

"ते एएमसीत येत नाही, साहेब," सर म्हणाले.