पंखेबापू

कम्प्युटर चालू आहे, काम होतंय, कुणाची काही तक्रार नाही. तरी शेजारी बसून कान टवकारणारा एक माणूस तुमच्याही ओळखीत असणारच. आमच्या नमुन्याला भिगवण रोडपासून इंदापूरच्या बसस्थानकापर्यंत पंखेबापू म्हणतात. बापू घरात येतात, चपला काढतात, माझ्या बायकोनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या हातात तसाच धरतात आणि म्हणतात, "मागचा पंखा घरघर करतोय. ऐकू येत नाही व्हय तुम्हाला, सर?" आपल्याला ऐकू येत नसतं. त्या क्षणापासून मात्र येतच राहतं.

पाणी पिऊन होईस्तोवर पॅन्टच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर निघतो आणि शर्टाच्या खिशातून अगरबत्ती. पेटवून ती कॅबिनेटच्या तोंडाशी धरायची, धूर आत ओढला जातो का बघायचं. मग मागं धरायची, धूर लांब फेकला जातो का बघायचं. हवा पुढून घ्यायची, मागून आणि वरून सोडायची, एवढंच बापूंचं तत्त्वज्ञान. पण ते मोगऱ्याच्या वासात सांगतात.

२०२४च्या लोकसभेला बारामतीत टपरीटपरीवर एकच प्रश्न होता, हवा कुणाची? एकाच घरातल्या दोन उमेदवार, त्यामुळं जो तो तोंड सांभाळून बोलायचा. बापूंना कुणीतरी छेडलंच. बापू म्हणाले, "आत किती येती त्यावर हाय. घेणारे दोन आन् सोडणारा एक ठेवला, की घाण बसत नाही." टपरीनं आठवडाभर याचे अर्थ लावले. घेणारे दोन कोण, सोडणारा एक कोण, यावर पैजा लागल्या. बापूंचं म्हणणं एवढंच होतं, की जाळीतून आत घेतलेली हवा बाहेर फेकलेल्या हवेपेक्षा जास्त असली, तर फटीफटींतून धूळ शिरत नाही. गाळप हंगामात कारखान्याची काजळी जिथं वाळत घातलेल्या धोतरावरही उतरते, तिथं हे लाखमोलाचं ज्ञान आहे. पण ते ऐकायला थांबतो कोण?

एकदा सातबाऱ्यासाठी एका सेतू केंद्रात लोक रांगेत ताटकळले होते. मशीन तापून सारखं बंद पडत होतं. बापूंनी ऑपरेटरला बाजूला सारलं, झाकण काढलं, अगरबत्ती लावली आणि उकिडवे बसून धूर न्याहाळू लागले. रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजींनी पदर सावरला, हात जोडले आणि कॅबिनेटवर रुपया ठेवला. मागच्या दोघांनीही ठेवला. आत बघितलं तर पुढचा पंखा उलटा बसवलेला. घेणाराही बाहेर फेकतोय, सोडणाराही फेकतोय. पंख्याच्या ज्या अंगाला आडव्या काड्यांची चौकट असते, तिकडून हवा बाहेर पडते, हे बसवणाऱ्याच्या गावी नव्हतं. बापूंनी पंखा फिरवून बसवला आणि रुपये ऑपरेटरला दिले. सातबारे निघाले. आजींना शेवटपर्यंत वाटलं, देव पावला.

बापूंसमोर चुकूनही विचारू नये ती गोष्ट म्हणजे तीन पिन आणि चार पिन. चहा गार होतो. तीन पिनच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलायचा. चार पिनच्याला बारा व्होल्ट कायम, वेगाचा हुकूम चौथ्या तारेतून, सेकंदाला पंचवीस हजार इशारे. तीन पिनचा पंखा बोर्डावर लावून सेटिंग बदललं नाही, तर तो रात्रंदिवस बोंबलत राहतो. एका तारेला तीन फाटे फोडून तीन पंखे जोडले, तर वेग एकाचाच कळतो. "बाकीचे दोघं मेले तरी बोर्डाला पत्ता नाही," हे सांगताना बापूंचा आवाज खरंच खाली येतो.

इतक्या जाणत्या माणसाची एकच अंधश्रद्धा आहे. बापू मूळचे इंदापूर तालुक्यातले, नीरा डाव्या कालव्याच्या टेलचे. वरच्या गावांची भिजवणी होऊन पाणी खाली येईस्तोवर आवर्तन संपलेलं, हे लहानपणापासून बघितलेलं. त्यामुळं फाट्यावरच्या शेवटच्या पंख्याला वीज पुरत नाही, अशी त्यांची ठाम समजूत. वीज कालव्यासारखी वाहत नाही, बारा व्होल्ट सगळ्यांना सारखेच मिळतात, बोर्डाच्या एका पिनवर मिळून साधारण एक अँपिअरच्या वर भार जाऊ नये एवढंच बघायचं, हे त्यांना तोंडपाठ आहे. दुसऱ्याला तेच समजावतात. स्वतःच्या मशीनमध्ये मात्र शेवटच्या पंख्याला थेट एसएमपीएसवरून वेगळी लाइन. "टेलवाल्याचं आधी बघावं," म्हणतात. यावर वाद घालायचा मला तरी कधी धीर झाला नाही.

ते मशीन मी बघितलंय. पोराला गेमसाठी बांधून दिलेलं, सहा पंख्यांचं. तारा पाठीमागून अशा बांधलेल्या, की बघत राहावं. पन्नास अंशांपर्यंत पंखे रेंगाळत, सत्तरीला जोरात, ऐंशीला पुरते मोकाट. मे महिन्यात बाहेर चाळिशी ओलांडली तरी आत सगळं आलबेल. फक्त आता त्यावर ऐंशी गाठायला कुणी बसत नाही. पोरगं हिंजवडीला, त्याला कंपनीचा लॅपटॉप. बापू त्या मशीनवर पंचांग बघतात आणि दुधाचा हिशेब लिहितात. पंखे रेंगाळण्यापुढं जात नाहीत. तरी दर महिन्याला झाकण उघडून पाती पुसणं चालू आहे.

गेल्या उन्हाळ्यात पोरगं फोनवर सहज बोलून गेलं, लॅपटॉप तापतोय. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या स्वारगेट गाडीनं बापू निघाले. पिशवीत पंखे लावलेलं पॅड, ब्रश, बायकोनं दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि अगरबत्तीचा पुडा. रात्री परत आले तेव्हा स्टँडवरच गाठ पडली.

"काय म्हणतोय मुलगा?"

"मीटिंगमध्ये होता," बापू म्हणाले, "दिवसभर. पण खालून हवा चांगली लागत होती."