पन्नास किलो हवा

आमच्या वाळूज एमआयडीसीत हवा किलोवर मोजतात. नवा हेल्पर कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला कॉम्प्रेसरपाशी नेऊन काटा दाखवायचा आणि सांगायचं, ‘हा सातावर पाहिजे. पाच किलोवर आला की मला हाक मारायची.’ तो मान हलवतो, पण सात किलो हवा या टाकीत भरली कुणी आणि तोलली कशावर, हा प्रश्न संध्याकाळपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर असतो. (दर चौरस सेंटिमीटरला सात किलोचा दाब, हे पूर्ण वाक्य गेल्या २६ वर्षांत माझ्या शेडमध्ये कुणी उच्चारलेलं नाही.)

हे सांगायचं कारण, मी मध्यंतरी विमान विकत घ्यायला निघालो होतो तो या हवेपायीच.

मी ब्रॅकेट करतो. म्हणजे पत्रा आणायचा, प्रेसखाली घालायचा, दोन भोकं पाडायची, प्लेटिंग करून आणायचं आणि टेम्पोत टाकून कंपनीच्या गेटवर पोचवायचं. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला आणि देवामागे पालखी निघावी तशी त्याच्यामागे व्हेंडरांची रीघ लागली. इथे कुणी वॉशर करतं, कुणी स्प्रिंग, कुणी सीटचं कव्हर. सोयरीक जमवताना ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘रबर बुश’ असं उत्तर मिळालं तरी मुलीचे वडील चमकत नाहीत. मात्र अख्खी गाडी कुणीच करत नाही. माझा ब्रॅकेट रिक्षात नेमका कुठे बसतो, हे ड्रॉइंगवर मला ठाऊक होतं; प्रत्यक्षात मी तो एकदाच पाहिला. गोलवाडीच्या पुलाजवळ एक रिक्षा उलटली होती. लोक ड्रायव्हरला बाहेर काढत होते आणि मी खाली वाकून ब्रॅकेट शोधत होतो. सापडला. जागचा हलला नव्हता. ड्रायव्हरही सुखरूप होता, असं नंतर कळलं.

तर अशा माणसाला एका रात्री भाच्याने मोबाइलवर विमान दाखवलं. याक-५२. सोव्हिएत काळातलं, दोन सीटांचं, हवेत कोलांट्या मारायला शिकवणारं. कोलांट्यांचं मला विशेष काही वाटलं नाही. माझा जीव अडकला तो पायलटने इंजिन चालू केलं तेव्हा. त्याने बटण दाबलं, आणि सेल्फ मारल्याचा आवाज येण्याऐवजी आवाज आला ‘फुस्स!’. मागोमाग पंखा दोन-तीनदा उचक्या देत फिरला, सायलेन्सरातून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि इंजिन धडधडायला लागलं.

‘अरे, हे तर हवेवर चालू होतं!’ मी ओरडलो.

पुढचे चार दिवस मी ब्रॅकेट सोडून फक्त याक वाचलं. या विमानात स्टार्टिंग हवेवर. चाकं वर घेणं-खाली सोडणं हवेवर. पंखांखालचे फ्लॅप हवेवर. ब्रेकसुद्धा हवेवर, त्यामुळे जमिनीवर वळताना ते एसटी महामंडळाच्या गाडीसारखं सुस्कारे सोडतं. एका बाटल्यात हवा भरून ठेवलेली, अडचणीला दुसरा छोटा बाटला, आणि इंजिन चालू असलं की त्यावरचा कॉम्प्रेसर बाटला परत भरत राहणार. दाब किती? पन्नास किलो! आमच्या सातासमोर पन्नास! बाटला कुठे गळत असेल तर सकाळी विमान जागचं हलत नाही आणि मग पायलट साबणाच्या पाण्याचा फेस लावून गळती शोधत बसतो. मी आयुष्यभर दुसरं काय केलंय? जगातली बाकी सगळी विमानं इंजिनिअरांसाठी आहेत. हे एक विमान फिटरसाठी केलेलं आहे, अशी माझी खात्री पटली.

खरी मजा पुढे आहे. हे रशियन विमान रशियात बनलेलंच नाही. डिझाइन मॉस्कोच्या याकोव्लेव्हचं, १९७६ साली पहिल्यांदा उडालेलं. पण बनवायला दिलं रोमानियातल्या बाकाउ गावच्या कारखान्याला. समाजवादी देशांनी आपसात कामं वाटून घेतली होती, त्यात हे काम रोमानियाच्या वाट्याला आलं. म्हणजे मॉस्को ही मदर कंपनी आणि बाकाउ हे वाळूज! ड्रॉइंग वरून यायचं, माल खालून जायचा. अशी अठराशेच्या वर विमानं त्यांनी काढली. पेमेंट किती दिवसांनी मिळायचं ते कुठे लिहिलेलं सापडलं नाही, पण मला अंदाज आहे.

यातली बहुतेक विमानं गेली ती ‘दोसाफ’ नावाच्या सरकारी संघटनेच्या क्लबांत. आपल्या एनसीसीसारखं प्रकरण, फक्त आपल्याकडे पोरांना परेडनंतर नाश्ता मिळायचा आणि तिथे विमान मिळायचं. स्वेतलाना सावित्स्काया अशाच क्लबांच्या मुशीतली. १९७० साली याक जातीच्या विमानावरच ती हवाई कसरतींत जगज्जेती झाली आणि १९८४ मध्ये अंतराळस्थानकातून बाहेर पडून तरंगणारी पहिली बाई ठरली. पुढे सोव्हिएत संघ फुटला, क्लबांची विमानं विक्रीला निघाली आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या हौशी म्हाताऱ्यांनी ती उचलली. अशाच एका इंग्रज आजोबांची जाहिरात मी पाहत होतो.

इंजिनाबद्दल थोडं सांगतोच; ज्यांना रस नाही त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, आमच्या घरीही सोडतात. एम-१४पी. नऊ सिलिंडर सूर्याच्या किरणांसारखे गोल बसवलेले, ३६० अश्वशक्ती, १० लिटरच्या वर क्षमता. माझ्या जुन्या बजाज एम-८० गाडीचं इंजिन होतं ७४ सीसीचं, म्हणजे १३७ एम-८० एकाच जागी बांधल्यासारखं. सिलिंडरांत ठिणगी पडते ती ओळीने नाही, एक सोडून एक: एक, तीन, पाच, सात, नऊ, मग दोन, चार, सहा, आठ. पंगतीत एखादा वाढपी एक पान सोडून जिलबी वाढत गेला आणि दुसऱ्या फेरीत त्याने सुटलेली पानं घेतली, तसं. पानं विषम असली की दोन फेऱ्यांत प्रत्येकाला नेमकी एकदाच जिलबी मिळते. म्हणून असल्या इंजिनाला सिलिंडर पाच, सात नाहीतर नऊ.

आणि एक खोड. विमान उभं राहिलं की ऑइल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठतं. तसंच स्टार्टर मारला तर पिस्टन त्या ऑइलवर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून चालू करण्याआधी पंखा हाताने धरून कितीतरी वेळा फिरवावा लागतो. हे वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. चेतक स्कूटर आडवी करून, मग सरळ करून, मग किक मारणारे आमचे वडील आठवले. यंत्राला आधी जरा गोंजारल्याशिवाय ते चालू होऊ नये, हीच योग्य पद्धत होय.

आजोबांना फोन लावला. किंमत लाख डॉलरच्या घरात. मी घासाघीस केली. त्यांनी विचारलं, ‘आपण किती तास उड्डाण केलंय?’ मी म्हणालो, ‘मुंबईपर्यंत, पन्नास मिनिटं.’ थोडा वेळ शांतता पसरली. मग मी त्यांना बाटल्यातल्या गळतीबद्दल आणि युनियन नटच्या चुडीबद्दल तीन प्रश्न विचारले, तेव्हा आजोबा खुलले आणि तासभर बोलले. तेही आयुष्यभर लेथवर उभे होते.

घरी विषय काढायला मी रविवार निवडला आणि तिथेच चुकलो, कारण रविवारी साडू जेवायला होते. हे साडू ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले. मिग-२१ हाताखालून गेलेली असल्यामुळे पंख्याच्या विमानाला ते कूलर समजतात.

‘रशियन माल मजबूत,’ ते श्रीखंडात पुरी बुडवत म्हणाले, ‘पण मॅन्युअल रशियनमध्ये, आणि डायलवरची अक्षरंसुद्धा. वाचता येणार आहेत का?’

‘काटा वाचता येतो,’ मी म्हणालो.

‘अहो, पण चालवणार कोण?’ हा प्रश्न स्वयंपाकघरातून आला. मी खुलासा केला की यात दोन सीटा एकामागे एक असतात. शिकाऊ पुढे, मास्तर मागे. दांडा, पेडल, सगळं मागेही असतं, त्यामुळे मागचा माणूस पुढच्याची चूक तिथल्या तिथे सुधारू शकतो.

‘म्हणजे स्कूटरवर मी बसते तीच सीट,’ बायको म्हणाली.

मी तिला चाकांचं सांगितलं. या विमानाची चाकं वर घेतली तरी पोटात पूर्ण जात नाहीत, अर्धीअधिक बाहेर लोंबतात. मुद्दाम तशी ठेवलीत. शिकाऊ पोरगा उतरताना चाकं खाली सोडायला विसरला तरी विमान त्या बाहेर राहिलेल्या चाकांवर घसरत थांबतं, फारसं बिघडत नाही. शिवाय चाकं खाली आली की पंखांवर आणि नाकावर छोट्या दांड्या वर येतात. ना दिवा, ना वायर, नुसत्या दांड्या. ‘विसरणाऱ्या माणसाचा विचार करून केलेलं यंत्र आहे,’ मी अभिमानाने म्हणालो. साडूंनी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं. मागच्याच आठवड्यात मी तिला पंढरपूरच्या तिठ्यावर भाजी घ्यायला उतरवून शेडवर निघून गेलो होतो. (आमचं पंढरपूर वाळूजला खेटून आहे; आषाढीला तिथेही जत्रा भरते.)

आईने फक्त संजय गांधींचं नाव घेतलं. २३ जून १९८०, दिल्ली. ते विमान अमेरिकन होतं, पिट्स जातीचं, हे सांगून उपयोग नव्हता. आईच्या लेखी कसरतीचं विमान देशात एकदाच झालं आणि त्याचं जे व्हायचं ते झालं.

मग भाच्याने घात केला. हे विमान अधिक सात आणि उणे पाच जी सोसतं, असं त्याने वाचून दाखवलं. म्हणजे माझे ८२ किलो एका वळणावर ५७४ किलो होणार. विमान सोसेल, मामाचं काय? या घराला एकच पुरावा ठाऊक होता: कर्णपुऱ्याच्या यात्रेतला आकाशपाळणा. आठ वर्षांपूर्वी मी त्यात बसलो होतो आणि दुसऱ्याच फेरीला ‘थांबवा’ असं इतक्या मोठ्याने ओरडलो होतो की शेजारचा मौत का कुवाही थांबला होता.

तरी मी हिशेब सोडला नाही. पंख उतरवले की विमान कंटेनरमध्ये मावतं. न्हावाशेवा, तिथून आपल्या माळीवाड्याच्या कंटेनर डेपोत. तिथून माझी शेड टेम्पोच्या टप्प्यात. शेडचं शटर बारा फुटांचं आणि विमानाचे पंख ९.३ मीटर, म्हणजे पंख लावले की बाहेरच उभं. पण कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर अख्खं विमान बांधलंच ना? त्या गच्चीला लिफ्टसुद्धा नव्हती! ते विमान २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात झळकलं आणि २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. यादव व्यवसायाने वैमानिक आहेत, हा बारीक फरक मी हिशेबात धरला नव्हता.

पेट्रोलही पंपावरचं नाही. टाक्या १२२ लिटरच्या आणि तासाला साठेक लिटर फस्त. लागतं ते अ‍ॅव्हगॅस. आपल्याकडे ते बाहेरून यायचं, २०२२ मध्ये इंडियन ऑइलने बडोद्याच्या रिफायनरीत करायला घेतलं. म्हणजे वाळूजहून आधी बडोद्याला जाऊन यायचं, मग उडायचं. उडून कसरत करायची तर लोकवस्तीवर करता येत नाही आणि वाळूजभोवती आता लोकवस्ती नाही अशी जागा शोधायला आधी विमान लागेल.

शेवटचा धक्का सीएने दिला. त्याने शांतपणे विचारलं, ‘टाइप सर्टिफिकेट आहे का?’ नाही. हे विमान अर्धसैनिकी क्लबांसाठी केलेलं, त्यामुळे नागरी विमानाचा तो कागद कधी निघालाच नाही. अमेरिकेत ते ‘प्रायोगिक’ या खात्यावर उडतं, इंग्लंडमध्ये वेगळ्या परवान्यावर. सीए म्हणाला, ‘सर, परवा आपला अख्खा लॉट टेस्ट सर्टिफिकेट जोडलं नाही म्हणून गेटवरून परत आला. ब्रॅकेटला कागद लागतो.’ मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं बोलला नाही. चांगला माणूस आहे.

इंग्रज आजोबांना मी खरं काय ते कळवलं. त्यांना राग आला नाही; उलट विमानातलं एक जादा घड्याळ पडून होतं, ते घेता का, म्हणाले. एका लॉटच्या नफ्यात बसत होतं. घेतलं.

चेल्याबिन्स्कचं आहे. काळी तबकडी, मोठे पांढरे आकडे, हाताने चावी द्यायची. मोठ्या तबकडीत दोन छोट्या: खाली स्टॉपवॉच आणि वर उड्डाणाची वेळ. डावी लाल कळ दाबली की वरच्या खिडकीत लाल रंग दिसतो, म्हणजे विमान हवेत आहे. पुन्हा दाबली की अर्धा लाल, अर्धा पांढरा, म्हणजे उतरलं. दसऱ्याला प्रेसबरोबर घड्याळालाही झेंडूचा हार घातला आणि कॉम्प्रेसरच्या वर, सात किलोच्या काट्याशेजारी, भिंतीवर बसवलं. ब्रॅकेट अर्थात आपलाच.

आता जेवणाची सुट्टी झाली की हेल्पर जाऊन लाल कळ दाबतो. अर्ध्या तासाने परत दाबतो आणि प्रेस चालू होते. काल मी डबा उघडून बसलो होतो, तेवढ्यात कॉम्प्रेसरचा काटा पाचावर आला. त्याने नेमाप्रमाणे हाक मारली, मग घड्याळाकडे पाहत म्हणाला, ‘सर, हवा कमी झाली. पण आपण अजून वरच आहोत, उतरल्यावर बघू का?’

मी म्हणालो, ‘बघू.’ आणि दुसरी पोळी घेतली.