खर्जाची बैठक

शनिवारी रात्री लोणावळ्यात भाड्याने जाणाऱ्या बंगल्यांवरून चालत गेलं, तर कुठलं गाणं लागलंय ते कळत नाही. नुसतं धम्-धम् ऐकू येतं. गायकाचा आवाज भिंतीशी अडतो. खर्ज मात्र भिंत, कुंपण आणि शेजाऱ्याची झोप असं सगळं ओलांडून जातो. सबवूफर म्हणजे हेच, असा मावळात कुणाचा समज झाला असेल तर त्याला बोल लावता येणार नाही.

खरं तर सबने आपलं अस्तित्व जाणवूच द्यायचं नसतं. गाणं दोन स्पीकरांनी म्हणायचं, त्यांना न झेपणारा खर्ज तेवढा याने सांभाळायचा. ही वाटणी साधारण 80 हर्ट्झला करतात, कारण त्याखालचा आवाज नेमका कुठून येतो हे कानाला उमगत नाही. आकडा फार वर नेला, की गायक समोर आणि त्याचा घसा कोपऱ्यात!

ही कामवाटणी मावळाने फार पूर्वी पाहिली आहे. भाज्याच्या लेण्यांत, सूर्य आणि इंद्राच्या शिल्पांच्या विहारात, एक बाई दोन्ही हातांनी तालवाद्य वाजवते आहे आणि शेजारी दुसरी नाचते आहे. तिचा ठेका ऐकायला आता कुणी नाही. पण जोडीतला खर्जाचा डग्गा तबल्यावर चढला की मैफल बिघडते, हे आजही कुठलाही तबलजी सांगेल.

खरी आडकाठी खोलीची. 40 हर्ट्झची ध्वनिलहर साडेआठ मीटर लांब असते. कार्ल्याच्या 124 फुटी चैत्यगृहात ती चारदा अंथरता येईल, आपल्या दिवाणखान्यात एकदाही नाही. मग ती भिंतींवर आपटून परतते. एका खुर्चीत खर्ज दणदणतो, शेजारच्या खुर्चीत गायब. यावरचा जाणत्यांचा उपाय असा: सब आपल्या खुर्चीत बसवायचा, गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगायचं. खर्ज जिथे स्वच्छ, एकसारखा ऐकू येईल, ती सबची जागा. ती बहुधा मनीप्लांटची असते. तिथे ध्वनिशास्त्र संपतं आणि संसार सुरू होतो.

जागेचा तह झाला की सबच्या लहरी स्पीकरांच्या लहरींशी जुळवणारं फेजचं बटण 0 आणि 180 असं फिरवून पाहावं. खर्ज जिकडे भरदार, तिकडे ठेवावं. मग सबचा आवाज कमी करत जावा. तो बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटावं, चालू असताना त्याची आठवणही होऊ नये.

राहता राहिला कायदा. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्र 10 ते 6, निवासी भागात मर्यादा 45 डेसिबल. पण हे मोजमाप माणसाच्या कानाच्या बेताने होतं, त्यामुळे 63 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 26 डेसिबल वजा होतात. तेव्हा मीटरवर विसंबू नका. बंगला घ्या, गाणी लावा. फक्त दहा वाजता सबचं बटण बंद करा आणि सकाळी शेजाऱ्याला विचारा. त्याचा आकडा जास्त खरा.