बंधू लसूण, मुक्काम मेसा

प्रवासवर्णनात आधी काय काय पाहिलं ते सांगायची पद्धत आहे. सांगतो. ग्रँड कॅन्यन पाहिला, खोल आहे. आता मुद्द्यावर येतो. जुलै महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी पावणेबारा वाजता, ॲरिझोना राज्यातल्या मेसा गावी, मी लेंगा, बनियन आणि सुनेच्या गुलाबी सपाता अशा वेशात मुलाच्या घराबाहेर उभा होतो, आणि घराला कुलूप लागलं होतं.

मी फक्त कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवायला गेलो होतो. आपल्याकडची दारं वाऱ्याने आपटतात, पण आपटून पुन्हा उघडतात. इथलं दार माझ्या पाठीमागे हळूच, अदबीने लागलं आणि 'खट' झालं. मुलगा ऑफिसात, सून ऑफिसात, ही सुनेच्या मैत्रिणीला लोणचं शिकवायला गेलेली. फोन, चावी आणि चष्मा ही तिन्ही मंडळी आत गारव्यात बसलेली.

मी जळगावचा. आल्या दिवशीच मुलाला ऐकवलं होतं, "मला रे काय उन्हाचं सांगतोस?" तो बापडा सांगत होता की २०२३ च्या जुलैत शेजारच्या फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा रोज ४३ अंशांच्या वर जात होता. मी हसलो होतो. आता हसू येत नव्हतं. जळगावचं ऊन आपल्या ओळखीचं असतं. वाटेत लिंबाचं झाड, पाणपोई, कुणाची तरी पडवी असं काहीबाही देऊन मग मारतं. इथे पडवी नाही, पाणपोई नाही, आणि झाड म्हणाल तर निवडुंग.

एवढ्यात सायकलींवरून दोन पोरं आली. पांढरे शर्ट, टाय, डोक्याला हेल्मेट, छातीवर काळी पट्टी. एक ताडमाड, तांबड्या केसांचा. दुसरा बुटका, उन्हाने टोमॅटो झालेला. लांब्याने सायकल टेकवली आणि तोंडभर हसून म्हणाला, "बुएनास तार्देस, एर्मानो!"

माझा रंग, मिशी आणि पोट या तिन्ही गोष्टी मेक्सिकोत सहज खपण्यासारख्या आहेत. शिवाय मेसाच्या या पश्चिम भागात दुकानाच्या पाट्यांपासून भांडणांपर्यंत सगळं स्पॅनिशमध्ये चालतं. तो दोन मिनिटं भरभरून बोलला. मी मान डोलावत राहिलो. जिल्हा परिषदेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला न समजता मान डोलावणं जड जात नाही. शेवटी त्याने प्रश्न विचारला, मी त्यालाही मान डोलावली, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मी घाबरून इंग्रजीत आलो. म्हटलं, "बाबा रे, मी इंडियाचा. घराबाहेर अडकलोय."

ती मॉर्मन पंथाची धर्मप्रचारक पोरं होती. पट्टीवर 'एल्डर' लिहिलं होतं. एल्डर म्हणजे ज्येष्ठ! लांबा वीस वर्षांचा, बुटका अठराचा. माझ्याकडे एसटीचं ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड आहे, पण त्या रस्त्यावर दोन ज्येष्ठ टाय लावून उभे होते आणि मी गुलाबी सपातांत. बुटका नुकताच युटातल्या प्रोव्हो गावी सहा आठवडे स्पॅनिश शिकून आला होता. लांब्याला इथे चौदा महिने झाले होते.

"सकाळपासून तुमचं चौदावं दार," लांबा म्हणाला. "तेरा बंदच राहिली."

माझंही बंदच होतं. फक्त या दाराचा मालक बाहेरच्या बाजूला सापडला होता.

त्यांच्याकडे फोन होता. मुलाचा नंबर मला पाठ नव्हता. मला पाठ आहे तो जळगावच्या घरचा लँडलाइन नंबर, आणि ते कनेक्शन तोडून दहा वर्षं झाली. लांब्याने मुलाला फेसबुकवर शोधलं. आमचं आडनाव कुलकर्णी. अर्धी शनिवार पेठ वर सरकवून झाल्यावर त्याने फोन खिशात टाकला.

मी म्हटलं, "एकजण माझ्याजवळ थांबा, दुसरा जाऊन पाणी आणा." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तसं चालत नाही. जोडीदाराला एकटं सोडायचं नाही, नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात ठेवायचं, हा नियम. दोन वर्षं! माझ्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण असा नियम आमच्याही लग्नात नव्हता, म्हणून तर ते टिकलं. शेवटी तिघांनीच जायचं ठरलं. पुढे एक सायकल, मागे एक सायकल, मध्ये लेंगा. गल्लीच्या टोकाला एक मेक्सिकन आजी राहतात, त्यांच्याकडे.

आजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं, काहीही विचारलं नाही आणि पंख्याखाली बसवलं. लालभडक सरबत आलं. ते 'जमायका'चं पाणी, असं लांब्याने सांगितलं. मी घोट घेतला आणि ओळख पटली. आमची अंबाडी! लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. परक्या मुलखात माहेरचं माणूस भेटल्यासारखे माझे डोळे भरून आले; उरलेलं श्रेय उन्हाचं. मी 'ग्रासियास' म्हणालो. एवढा एक शब्द येतो मला. त्यावर आजी म्हणाल्या, "दे नादा." मी दचकून नाडा चाचपला. जागेवर होता. 'काही नाही हो त्यात' असा त्याचा अर्थ.

मी शाकाहारी आहे हे समजल्यावर आजींनी मक्याच्या भाकऱ्या आणि निवडुंगाची भाजी वाढली. आम्ही शेताला कुंपण म्हणून जे लावतो, ते त्या काटे काढून, चिरून, कांदा-टोमॅटोत परततात. भेंडीसारखी बुळबुळीत आणि फर्मास. पोरांना मात्र मांसाचे तमाले वाढले, तेही तीन-तीन. बुटका कासावीस झाला, कारण अकरा वाजताच कुणीतरी त्यांना जेवू घातलं होतं. पण नको म्हणायची सोय नाही. आजी 'मिहो' म्हणायच्या, म्हणजे माझ्या लेकरा, आणि चौथा वाढायच्या.

जेवणानंतर बुटक्याने वही उघडून स्पॅनिशमधून धर्मज्ञान सुरू केलं. आजी गंभीरपणे ऐकत होत्या. एकाएकी त्यांनी पदर नसल्यामुळे नॅपकिन तोंडाला लावला. लांबा जमिनीकडे बघत होता. बाप्तिस्म्याने आपली पापं धुऊन निघतात, असं बुटक्याला म्हणायचं होतं. पाप म्हणजे 'पेकादो', मासा म्हणजे 'पेस्कादो'. आपले सगळे मासे धुऊन निघतात, असं तो पुन्हा पुन्हा आश्वासन देत होता.

दुपार लांब होती, म्हणून मी चौकशी केली. सकाळी साडेसहाला उठायचं, अभ्यास, मग दारोदार. रात्री साडेदहाला दिवा बंद. मुलग्यांना दोन वर्षं, मुलींना दीड. पगार नाही, उलट घरूनच महिन्याला ५०० डॉलर भरायचे. टीव्ही नाही, मुलींबरोबर फिरणं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणांचा उपास, साबुदाण्याशिवाय. सोमवार तेवढा आपला: धुणं, वाणसामान, केस कापणं आणि घरी फोन. तोही २०१९ पासून. त्याआधी वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. लांबा आयडाहोचा, घरी बटाट्याची शेती. "आई फोनवर काय बोलते?" मी विचारलं. म्हणाला, "जेवलास का, विचारते."

साडेपाच झाले. आणि रस्त्यावरून हाक आली, "अहोऽऽ!"

ही परत आली होती. घर उघडलं तर नवरा गायब, फोन-चष्मा जागेवर, कचऱ्याचा डबा रस्त्यावर. पाण्यावाचून पडला कुठेतरी, असं मनात येऊन ती रडवेल्या आवाजात गल्लीभर धावत सुटली. "अहोऽऽ! अहोऽऽ!"

स्पॅनिशमध्ये 'आहो' म्हणजे लसूण.

आता हे चित्र आजींच्या बाजूने पाहा. साडी नेसलेली एक परदेशी बाई संध्याकाळी रस्त्यावर छाती पिटत 'लसूण! लसूण!' म्हणून टाहो फोडत धावतेय. आजी क्षणभरही थांबल्या नाहीत. भिंतीवरची लसणाची आख्खी माळ ओढून धावल्या. समोरच्या घरातली बाईही दोन गड्डे घेऊन बाहेर आली. त्या वस्तीत मागणाऱ्याला कारण विचारायची पद्धत नसावी. मी सपाता फटफटवत पोहोचलो, तेव्हा हिच्या दोन्ही हातांत लसूण कोंबलेला होता आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो!" आजींनी समजुतीने मान हलवली: हो गं बाई, दिला ना.

लांब्याला उलगडा झाला. त्याने जाहीर केलं की लसूण हे या गृहस्थांचं नाव आहे. मला खुलासा करायचा होता की माझ्याकडे चांगलं बारशाला ठेवलेलं नाव आहे, पण ते या बाईने अडतीस वर्षांत एकदाही उच्चारलेलं नाही. एवढं इंग्रजीत मावेना. मी एर्मानो आहो झालो. बंधू लसूण.

त्या लसणाची हिने चटणी कुटली आणि आजींकडे पोचवली. दोनच दिवसांत रिकामी बरणी परत आली.

पोरांच्या जेवणाची चौकशी हिनेच केली. त्यांच्या रविवारच्या प्रार्थनेला एक कागद फिरतो: कुठल्या वारी कुणाच्या घरी. मी ऐकता ऐकता थांबलो. आमचे वडील १९४० च्या दशकात पुण्यात असंच वार लावून जेवले. सात वार, सात घरं. शुक्रवारच्या घरी वाढणाऱ्या बाईंचा हात आखडता असे, म्हणून ते आधीच तांब्याभर पाणी पिऊन जात. म्हातारपणीसुद्धा शुक्रवारी जेवायला बसण्यापूर्वी ते पाणी पीत. कारण आम्ही कधी विचारलं नाही.

"बुधवार आपला," मी म्हटलं.

पहिल्या बुधवारीच खटका उडाला. हिने आल्याचा चहा टाकला आणि दोघे पाठ केल्यासारखे नको म्हणाले. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना १८३३ पासून वर्ज्य. दारू-तंबाखूच्या रांगेत चहा! तिसऱ्या बुधवारी लांब्याने त्यांचा ग्रंथ पुढे केला, आणि मी खरोखर चिडलो. पिठलं-भात गोड लागतो, मग देव का बदलायला हवा? म्हटलं, "उद्या तुझ्या आईच्या दारात कुणी आमची पोथी घेऊन दर आठवड्याला उभा राहिला तर?"

तो विचार करून म्हणाला, "आधी जेवू घालेल."

मी पोळी वाढली. ग्रंथ टेबलावर राहिला, मीही राहिलो तिथेच.

सहा-सहा आठवड्यांनी त्यांच्या बदल्या निघतात. ऑगस्टच्या अखेरीस लांब्याची निघाली. जाताना तो वाकला. मला वाटलं, नमस्कार करतोय. तो बुटाची नाडी बांधत होता. मी तरी आशीर्वाद देऊन टाकला. हिने चटणीची पुडी दिली आणि सांगितलं, बटाट्याबरोबर खा.

पुढच्या आठवड्यात बेल वाजली. दारात बुटका, आणि त्याच्याबरोबर एक नवा, चष्मेवाला. गेलेली पोरं येणाऱ्यांसाठी फोनमध्ये घरांची नोंद ठेवून जातात. चष्मेवाला ती वाचत, अडखळत म्हणाला, "एर्मानो... आहो?" हे नाव खरं असेल यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, कोण आलंय?"

त्याचा चेहरा उजळला. मी दार पूर्ण उघडलं, आधी खिशातली चावी चाचपली, आणि म्हटलं, "या आत. बुधवार आहे."