ॲव्हरेज किती देते जी?

गोंदिया जिल्ह्यात जुनी गाडी घेतल्याबद्दल कोणी कोणाचं अभिनंदन करत नाही. रंग, मॉडेल, कितीला पडली हे सगळं नंतर. दाराशी गाडी लागली की शेजारचे काका पायात चप्पल सरकवत येतात, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा बॉनेटवर हात ठेवतात आणि विचारतात, "ॲव्हरेज किती देते जी?"

याचं खरं उत्तर द्यायची आपल्याकडे रीत नाही. पगार आणि वय कमी सांगायचं, ॲव्हरेज जास्त सांगायचं. सेकंडहँड गाडीचा मालक हमखास "वीस-बावीस" म्हणतो, कारण विकणाऱ्यानं त्याला तेवढंच सांगितलेलं असतं. गाडीबरोबर आकडाही सेकंडहँडच मिळतो.

कंपनीच्या आकड्याचा थाट निराळा. २०१२ साली आलेल्या ऑल्टो ८००चा प्रमाणित आकडा होता लिटरला २२.७४ किलोमीटर. बावीस समजू शकतो. त्यापुढचे सातशे चाळीस मीटर वाचून मी हात जोडले. हे आकडे चाचणीशाळेत निघतात, पुण्याची एआरएआय ही त्यातली नामांकित. गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. किती वेगानं जायचं, कधी थांबायचं, सगळं आधी ठरलेलं. पद्धतीत खोट नाही, सगळ्या गाड्यांना एकच पेपर असतो. फक्त त्या पेपरात रस्त्यावर वाळत घातलेला धान येत नाही, रेल्वे फाटक येत नाही आणि "दोन मिनिटं थांबा, आलेच" म्हणून घरात परत गेलेली बायको येत नाही. सुरू इंजिनाची गाडी नुसती उभी राहिली तरी तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते. आमच्याकडच्या दोन मिनिटांचा हिशेब यात धरलेला नाही.

माझी गाडी तीन सिलिंडरची, दोन मालकांच्या हाताखालून निघालेली, नागपूरहून आणलेली. पंपावर "दोनशेचं टाक" म्हणत राहिलं तर ॲव्हरेज कधीच कळत नाही. टाकी ऑटो-कटपर्यंत भरायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, पुढच्या वेळी पुन्हा तितकीच भरायची आणि भागाकार करायचा. चौथीतलं गणित आहे, पण त्याला जी हिंमत लागते ती चौथीत शिकवत नाहीत. उत्तर आलं तेरा.

मेकॅनिकभाऊंनी बॉनेट उघडलंच नाही. ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. "सर जी, इंजिनले काही झालं नाही. हे चाक ब्रेक धरून राहिलं ना." जुन्या गाडीत हे फार होतं. ब्रेक सोडला तरी चाक पुरतं सुटत नाही. आपण ॲक्सिलरेटर दाबतो आणि गाडी स्वतःशीच भांडत पुढे जाते. ओळखायला सोपं आहे. दहाबारा किलोमीटर चालवून आल्यावर चाकांजवळ हात न्या, लावू मात्र नका. एकाचीच धग जास्त लागली तर चोर सापडला. नाहीतर जॅकवर उचलून हातानं फिरवा. ब्रेक उघडून साफ केला, सरकणाऱ्या जागी ग्रीस लावलं आणि आकडा पंधराच्या घरात आला. महागडं पेट्रोल, टाकीत ओतायच्या बाटल्या, चुंबक बसवून इंधन 'शुद्ध' करणारी यंत्रं यांच्या जाहिराती करणाऱ्यांनी त्या ग्रीसचा भाव एकदा विचारावा.

एअर फिल्टर झटकला तेव्हा त्यातून अख्खी राईस मिल बाहेर पडली. धानाच्या कोंड्याची धूळ आमच्या हवेतच असते, मोसमात तर विचारू नका. मला वाटलं, आता आणखी दोन वाढणार. तसं होत नाही. कार्ब्युरेटरच्या जमान्यात फिल्टर तुंबला की पेट्रोलचं प्रमाण बिघडायचं. इंजेक्शनच्या गाडीत संगणक आत येईल तेवढ्या हवेला बेतानंच पेट्रोल सोडतो. जीव कमी होतो गाडीचा, ॲव्हरेज फारसं नाही. फिल्टर बदलावा, पण त्यावर घर बांधायची स्वप्नं बघू नयेत.

"आता राहिला तुमचा पाय," भाऊ म्हणाले. "तो माह्या गॅरेजात दुरुस्त होत नाही जी."

पेट्रोल वाचवा म्हणून सांगायला केंद्र सरकारची पीसीआरए नावाची संस्था आहे. तिचा सल्ला ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा. त्यामागे साधं कारण आहे: हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. पन्नासची ऐंशी केली तर वेग दीडपटीच्या थोडा वर जातो आणि हवा अडीचपट अडवते. पण कोहमाऱ्याला त्रेपन्न क्रमांकाच्या हायवेवर (आमच्यासाठी तो अजून सहा नंबरच) पन्नासनं चालवून बघा. रायपूरकडे निघालेला ट्रक मागून असा काही हॉर्न देतो की पीसीआरएचा सल्ला कानातून निघून जातो. उलट गोरेगाव सोडून कोहमाऱ्याकडे येताना मुरदोलीचं जंगल लागतं. नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधून जनावरं इथून ये-जा करतात, म्हणून हळू जावं लागतं. माझ्या गाडीचं सगळ्यात चांगलं ॲव्हरेज याच पट्ट्यात निघतं. ते श्रेय बिबट्याचं.

दरेकसाकडच्या उतारावर गाडी न्यूट्रल करणारे सज्जन अजून आहेत. इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून पाय नुसता उचलला तर पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते प्यावंच लागतं. शिवाय उतारावर सगळा भार एकट्या ब्रेकवर. दोन्हीकडून तोटा, आणि चेहऱ्यावर मात्र बचतीचं समाधान.

हा नाद एकट्या गोंदियाचा नाही. अमेरिकेत इलिनॉयच्या वूड रिव्हर गावी १९३९ साली शेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी आपसात पैज लावली, एका गॅलनमध्ये कोणाची गाडी जास्त जाते. जिंकणाऱ्यानं पन्नास मैलांच्या आसपास मजल मारली, म्हणजे लिटरला एकवीस किलोमीटर. आमच्या काकांच्या पसंतीला तेवढं जेमतेम उतरलं असतं.

आणि आता टाकीत धानही आला आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते उसापासून होतं, मक्यापासून होतं, तसंच तांदळाच्या कणीपासूनही होतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी. मूळच्या साध्या पेट्रोलच्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असं नीती आयोगाच्याच २०२१च्या अहवालात लिहिलं आहे. म्हणजे माझ्या गाडीचा जवळपास एक किलोमीटर धोरणात गेला. त्याबद्दल मी मेकॅनिकभाऊंना बोल लावत नाही. धानाच्या जिल्ह्यात राहून गाडीला चार शितं जास्त झाली तर तक्रार तरी कोणत्या तोंडानं करायची?

वजन कमी करा, हा सल्लाही सगळेच देतात. डिकीत एचएमटी तांदळाचा कट्टा, त्यावर सासूबाईंचा डबा, मागच्या सीटवर तीन माणसं. काय कमी करू? दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की अर्जुनी मोरगावकडे रात्री एकट्यानं गाडी नेणं हे आमच्याकडे चांगल्या घरचं लक्षण समजत नाहीत. "जागा आहे का जी?" हा प्रश्न वळणावळणावर उभा असतो. आणि इथेच मला हिशेब सापडला. पाच माणसं बसली की गाडी लिटरला चौदा देते खरी, पण माणशी धरलं तर ते सत्तर झालं. कार्यालयात एकटाच येणारा, टायरात हवा मोजून भरणारा, पन्नासच्या वर काटा जाऊ न देणारा माझा मित्र अठरावर अडकून आहे. त्याला मी हे सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही.

तेव्हा कोणी विचारलं तर मी सत्तर सांगतो. तुम्हीही सांगा, पण आधी माणसं बसवा. आणि टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा. तापलेल्या टायरात आकडा फुगून दिसतो. पेट्रोल पंपावर पेट्रोलला पैसे पडतात, हवा फुकट असते. मागून घ्या.